जरा युनिक्स शिकून घ्या

काही वाक्यं म्हणायला दोन सेकंद लागतात आणि निस्तरायला वर्ष जातं. 'गावच्या जमिनीची एकदा मोजणी करून घेऊ' हे त्यातलं एक. 'जरा युनिक्स शिकून घ्या' हे दुसरं. (युनिक्स म्हणजे विंडोजसारखीच, कॉम्प्युटर चालवणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम.)

आमच्या साहेबांनी ते चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हटलं. कंपनीचा सगळा हिशेब सर्व्हरवर गेला होता आणि त्या सर्व्हरशी बोलू शकणारा एकुलता एक मुलगा राजीनामा देऊन नोटीस पिरियड मोजत बसला होता. अकाउंट्समध्ये प्रिंटर अडला की आतला कागद ओढून काढतो तो मी, त्यामुळे 'टेक्निकल माणूस' हा शिक्का माझ्यावर आधीच बसलेला. मी 'हो सर' म्हणालो. टॅली शिकलो तसं हेही शिकू, एखादा क्लास लावू, असा अंदाज होता.

युनिक्स नावाची एक वस्तू कुठे मिळतच नाही, हे त्याच रात्री कळलं. मिळतात त्या सगळ्या युनिक्ससारख्या. मूळ युनिक्स १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ नावाच्या, फारसं कुणी वापरत नसलेल्या मशिनवर सुरू केलं. इथवर सगळं सरळ आहे. पण बेल लॅब्ज ही एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची, आणि १९५६ च्या एका कोर्ट-तडजोडीमुळे या कंपनीला टेलिफोन सोडून दुसऱ्या धंद्यात शिरायला मनाई. विकता येईना, मग विद्यापीठांना किरकोळ पैशांत देऊन टाकलं, तेही आतल्या कोडसकट. विद्वान मंडळींच्या हातात दुसऱ्याचं काम पडल्यावर ती काय करतात? दुरुस्त्या. बर्कले विद्यापीठवाल्यांनी बीएसडी नावाचं आपलं युनिक्स काढलं. सन, आयबीएम, एचपी या प्रत्येक कंपनीने आपापलं काढलं. १९९१ मध्ये हेलसिंकीचा लिनस टॉरव्हाल्ड्स हा २१ वर्षांचा पोरगा उठला आणि त्याने त्याच धर्तीवरचं लिनक्स नव्याने लिहायला घेतलं. हा आपला नुसता छंद आहे, असंही त्याने जाहीर करून टाकलं. त्या छंदाच्या आज शेकडो आवृत्त्या आहेत. त्यांना डिस्ट्रो म्हणतात.

गंमत म्हणजे 'युनिक्स' हे नाव लावायचं तर ओपन ग्रुप नावाच्या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. लिनक्सवाले सहसा त्या भानगडीत पडत नाहीत. ॲपलच्या मॅकओएसकडे मात्र ते आहे. म्हणजे आमच्या अख्ख्या गोतावळ्यात कायदेशीर युनिक्स कुणाकडे आहे, तर साडूंकडे, आणि ते त्यावर फक्त क्रिकेट बघतात.

एवढं कळल्यावर मी चारचौघांना विचारायचं ठरवलं. पहिला भाचा. हा हिंजवडीत असतो, आणि आर्च लिनक्स वापरतो. हे मी त्याला विचारलं नव्हतं. आर्च वापरणाऱ्याला ते विचारावं लागत नाही.

"मामा, तू डायरेक्ट आर्च टाक. काळा स्क्रीन येतो, त्यावर डिस्कचे भाग आपण पाडायचे, सगळं आपण हाताने बसवायचं. त्याशिवाय आत काय चाललंय ते कळत नाही."

"मला आत काय चाललंय ते नकोय रे. मला महिनाअखेरचा रिपोर्ट काढायचाय."

त्याने माझ्याकडे फार करुणेने बघितलं. मग समजावलं, की आर्चची अशी आवृत्ती नसते, ते सतत नवं होत राहतं, त्यामुळे वरचेवर अपडेट करायचं. फक्त अपडेट करण्याआधी त्यांच्या वेबसाइटवरच्या बातम्या वाचायच्या, कारण कधीकधी काहीतरी मोडतं. आता मी सकाळी पेपरच्या आधी ऑपरेटिंग सिस्टीमच्या बातम्या वाचायच्या, हे वय आहे का माझं?

दुसरे, तिसऱ्या मजल्यावरचे काका. बँकेतून निवृत्त. नव्वदच्या दशकात त्यांच्या शाखेत एससीओ नावाच्या कंपनीचं युनिक्स होतं आणि ते आजही त्याच्याबद्दल बदली होऊन गेलेल्या चांगल्या मॅनेजरसारखं बोलतात. लिनक्सचं नाव काढल्याबरोबर त्यांनी चष्मा काढला.

"ते युनिक्सच नव्हे. शिकायचं तर फ्रीबीएसडी. बर्कलेचं थेट घराणं! अहो, ते प्लेस्टेशन चार आहे ना, त्याच्या आत हेच. नेटफ्लिक्सचे पिक्चर घरोघर पोचवणारे सर्व्हर यावरच."

दुसऱ्या दिवशी ते लॅपटॉप घेऊन घरी हजर. मार्गशीर्षातला गुरुवार, आईची पूजा नुकतीच आटोपलेली. काकांच्या लॅपटॉपच्या झाकणावर फ्रीबीएसडीचं चिन्ह चिकटवलेलं होतं: लालभडक सैतान, दोन शिंगं, हातात त्रिशूळ, पायात कॅनव्हासचे बूट. आईने प्रसाद द्यायला पुढे केलेला हात थांबवला, वाकून ते चित्र नीट बघितलं आणि म्हणाली, "शिंगांचं एक वेळ ठीक आहे. पण घरात बूट घालून?" काकांनी लॅपटॉप उलटा करून मांडीवर ठेवला. झाकण खाली गेल्यावर तो उघडणार कसा? फ्रीबीएसडीचं प्रात्यक्षिक त्यामुळे राहूनच गेलं.

तिसरा तो राजीनामा दिलेला मुलगा. त्याच्याकडे मला आधी जायला हवं होतं असं तुम्हाला वाटेल. गेलो होतो. सर्व्हरवर जे आहे तेच शिकावं, हे अकाउंट्सच्या माणसालाही सुचतं. पण सर्व्हरवर सेंटओएस ७ नावाचं लिनक्स निघालं, आणि त्याला अपडेट मिळण्याची मुदत जून २०२४ मध्येच संपलेली.

"मग आता?"

"बदलणार आहेत."

"कशावर?"

"ते मॅनेजमेंट ठरवणार."

मग तो सेंटओएसची हकीकत सांगू लागला. रेड हॅट कंपनीचं महागडं लिनक्स जसंच्या तसं फुकट मिळायचं ते हेच. आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट घेतली. पुढच्याच वर्षी घोषणा झाली, की सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आयुष्य सांगितलं होतं ते २०२१ अखेर संपेल. त्याच्या जागी रॉकी आणि अल्मा असे दोन वारस उभे राहिले. आता खरा वारस कोण, हा वाद. मुलाचा आवाज कापत होता. मी त्याला पाणी दिलं.

शेजारची मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने फक्त "लिनक्स मिंट टाका ना काका, विंडोजसारखंच दिसतं" एवढं सांगितलं आणि ती क्लासला गेली. एवढ्या थोडक्यात दिलेला सल्ला खरा असूच शकत नाही, म्हणून मी तो सोडून दिला. राहता राहिलं उबंटू नावाचं लिनक्स. पूर्वी नुसती मागणी नोंदवली की उबंटूची सीडी परदेशातून घरपोच यायची, एक पैसाही न घेता. माझ्या मेव्हण्याने तेव्हा मागवली होती. ती अजून त्याच्या बाल्कनीत दोऱ्याला लटकते आहे. कबुतरं येत नाहीत म्हणतो.

एक गोष्ट मात्र या सगळ्यांनी मिळून लपवली. मी पेनड्राइव्हवरून एकेक चालवून बघितलं (इन्स्टॉल न करताही बऱ्याच डिस्ट्रो चालवता येतात, हेही कुणी सांगितलं नव्हतं). फोल्डरात काय आहे ते बघायला एलएस हा हुकूम टाइप करायचा, आत जायला सीडी, कुठे आहोत ते बघायला पीडब्ल्यूडी, फाइलमध्ये शब्द शोधायला ग्रेप. सगळीकडे तेच! भाच्याच्या आर्चमध्ये तेच, काकांच्या सैतानाकडेही तेच. नवशिक्याला ठळक फरक दिसतो तो नवं सॉफ्टवेअर टाकायच्या हुकमात: कुठे एपीटी, कुठे डीएनएफ, कुठे पॅकमॅन, कुठे पीकेजी. पहिल्या महिन्याचा अभ्यास कुठेही केला तरी चालतो, असं यांपैकी एकानेही तोंडातून काढलं नाही. काढलं असतं तर पुढे बोलायला काय उरलं असतं?

मी डेबियन नावाचं लिनक्स निवडलं. कारण शास्त्रीय होतं. भाचा, काका आणि तो मुलगा हे तिघे एकमेकांच्या सिस्टीमला नावं ठेवत होते, पण डेबियनबद्दल तिघांची तक्रार एकच: जुनाट. १९९३ पासून चालू आहे, नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, आणि येते तेव्हा तिच्यातलं बरंचसं इतरांकडे जुनं झालेलं असतं. उशिरा येतं पण तपासून येतं, ही ज्यांना तक्रार वाटते त्यांनी ऑडिट बघितलेलं नाही.

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर जुन्या लॅपटॉपवर डेबियन टाकायला बसलो. त्याने रूटचा, म्हणजे या यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याचा, पासवर्ड विचारला. दिला. मग साध्या वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड विचारला. तोही दिला. मग एवढे दिवस निवड करून दमलेल्या माणसापुढे त्याने एक यादी टाकली: नोम, एक्सएफसीई, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, माटे, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी. यातला कुठला डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरचा देखावा, हवा? मी आधीपासून असलेल्या खुणांना हात न लावता पुढे गेलो. हीच माझ्या आयुष्यातली सगळ्यात प्रौढ कृती असावी.

पहाटे एकच्या सुमाराला टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडलं आणि धड्यातली पहिली ओळ टाइप केली: सुडो एपीटी अपडेट. सुडो म्हणजे पुढचं काम सर्वाधिकाऱ्याच्या अधिकाराने कर. त्याने पासवर्ड मागितला. टाइप करू लागलो तर पडद्यावर काही उमटेना, साधा ठिपकासुद्धा नाही. कीबोर्ड गेला म्हणून मी तो उलटा करून झटकला, त्यातून चिवड्याचे पोहे पडले. मग वाचलं, की पासवर्डची अक्षरं किती आहेत तेही कुणाला कळू नये म्हणून हे असंच असतं. पासवर्ड आंधळेपणाने टाकून एंटर दाबलं.

उत्तर आलं: तुमचं नाव सुडोअर्सच्या यादीत नाही. या घटनेची तक्रार नोंदवली जाईल.

झोप उडाली. बायकोने अंथरुणातून विचारलं, "अहो, काय झालं?"

"तक्रार झालीय माझ्यावर."

"कुणाकडे?"

मी पुन्हा शोधलं. डेबियनमध्ये इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड दिला की साध्या वापरकर्त्याला सुडोचे अधिकार मिळत नाहीत. ती जागा कोरी सोडली तर मिळतात. आणि तक्रार जाते ती रूटकडे, यंत्राच्या प्रशासकाकडे.

या यंत्राला प्रशासक एकच आहे. त्याने अजून दोन्ही बाजू ऐकून घेतलेल्या नाहीत, त्यामुळे सदर प्रकरण प्रलंबित आहे.