पगारातून कापलेले पैसे

परवा पुण्याला फोन केला तेव्हा मामा लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांवरून तापले होते. ‘घरबसल्या पैसे मिळाले की कामाला कोण जाणार?’ त्या योजनेबद्दल माझ्याही शंका आहेत. पण हाच सवाल मी २०१० साली इथे न्यू जर्सीत रोज ऐकला होता, आणि तेव्हा तो बेकारांना उद्देशून होता.

मंदी होती, बेकारी साडेनऊ टक्क्यांच्या घरात. नेहमीचा भत्ता संपल्यावर केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या वाढीव बेकारी भत्त्याची मुदत २ जूनला संपली. सुमारे ३४ अब्ज डॉलरचा खर्च आधी दुसरीकडून कापा, मग मुदत वाढवू, असं रिपब्लिकन सिनेटर म्हणत. डेमोक्रॅट म्हणत, ही आणीबाणी आहे, कर्ज काढू. तुटीची काळजी खोटी नव्हती, पण ती नेमकी बेकारांच्या ताटापाशीच का आठवावी? सिनेटमध्ये चर्चा थांबवून विधेयक पुढे न्यायला १०० पैकी ६० मतं लागतात, ती जुळेनात. त्यातच डेमोक्रॅट सिनेटर रॉबर्ट बर्ड वारले. २० जुलैला त्यांच्या जागी कार्ट गुडविन यांनी शपथ घेतली, तेव्हा कुठे ६० विरुद्ध ४० मतांनी कोंडी फुटली. तोवर सुमारे २५ लाख लोकांचे पैसे अडकले होते.

आमच्या शेजारी छापखान्यातून काढलेला एक पन्नाशीचा कामगार राहायचा. भत्त्यासाठी त्याला दर आठवड्याला फोनवर ठरलेले प्रश्न: काम शोधलंत का? मिळालेलं काम नाकारलंत का? पैसे थांबल्यावरही तो नेमाने उत्तरं देत राहिला. जुलैत त्याने गाडी विकली. इथे गाडी नसेल तर मुलाखतीला पोचायचं कसं? नंतर थकबाकी मिळाली, गाडी थोडीच परत आली!

आणि हे पैसे फुकटचे नव्हते. भत्त्याच्या निधीसाठी मालक कर भरतात. न्यू जर्सीत तर कामगाराच्या पगारातूनही कपात होते.

म्हणून वाटतं, भत्त्याची मुदत बेकारीच्या दराला बांधावी, सिनेटच्या तारखांना नको. आपल्या रोजगार हमी कायद्यात १९७७ सालीच ही अक्कल होती: मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारी भत्ता. तो प्रत्यक्षात किती जणांच्या हाती पडतो, हे दुखणं वेगळं. पण हक्क दरवेळी मतदानाला टाकलेला नाही.

मामा बँकेतून निवृत्त झालेत. दरमहा त्यांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ साली याच रोजगार हमीसाठी लावला होता, हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे मीही भरत होतो की!’