मुकुट दिसला म्हणून रायफल पोर्तुगीज ठरत नाही

गोव्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे, सोबत एका जुन्या लष्करी रायफलीचे फोटो. दावे असे: मुकुट आणि १९१७ साल म्हणजे पोर्तुगीज राजाची बंदूक, नंबर जुळले म्हणजे अस्सल, ‘डी पी’ म्हणजे ‘दिफेझा पोर्तुगेझा’, पुढच्या लाकडावरची तार म्हणजे कुणा शिकाऱ्याची दुरुस्ती, आणि नळी आतून गुळगुळीत असेल तर परवाना नको. पाचही चुकीचे, आणि शेवटचा तर थेट कोठडीत नेणारा.

आधी मुकुट. पोर्तुगालची राजेशाही ५ ऑक्टोबर १९१० रोजी संपली. मग १९१७ साली तिथला राजा बंदुकीवर मुकुट कुठून मारणार? राजाची खूण हवी तर १९०४ची माउझर-व्हर्गेइरो ही पोर्तुगीज रायफल बघा: चेंबरवर (काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग) कार्लुश राजाची मुकुटासह मुद्रा, बाजूला बर्लिनच्या कारखान्याचे नाव, आणि बोल्टची (नळीमागच्या सरकत्या दांड्याची) मूठ मागेपुढे सरकावी म्हणून वरून चिरलेला रिसीव्हर (नळी आणि बोल्ट धरणारा सांगाडा). १९३७च्या पोर्तुगीज माउझरवर मुकुट नाहीच, पाच छोट्या ढालींचे राष्ट्रचिन्ह आहे.

फोटोतली रायफल सरळसरळ ली-एनफिल्ड, म्हणजे ब्रिटिश फौजेची .३०३ रायफल आहे. तिची मुख्य अक्षरे उजव्या बाजूला, बट (मागचा लाकडी दस्ता) जिथे रिसीव्हरला जोडते त्या लोखंडी कड्यावर असतात: वर मुकुट, खाली ‘जी आर’ (जॉर्ज रेक्स, म्हणजे राजा जॉर्ज), मग कारखाना, साल आणि मॉडेल. ‘जी आर आय’ आणि ‘इशापूर’ असेल तर माल बंगालमधल्या इशापूर कारखान्याचा. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, ‘आर एफ आय’ (रायफल फॅक्टरी इशापूर) आणि अशोकाचे सिंह आले.

इथे एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सला (फ्रान्स-बेल्जियमच्या सीमाभागात) गेलेल्या पोर्तुगीज फौजेला ब्रिटिशांनी ली-एनफिल्डच दिल्या होत्या. म्हणजे नुसता ब्रिटिश मुकुट पोर्तुगीज वापर खोडून काढत नाही. पण फोटोत मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेल्या स्क्रूचे डोके स्पष्ट दिसते. लाकूड चिरू नये म्हणून इशापूरने केलेला हा बदल आहे. अशी रायफल लिस्बनहून आली असे म्हणण्यापेक्षा डिसेंबर १९६१मध्ये, गोवा मुक्तीच्या वेळी, भारतीय फौजेबरोबर किंवा नंतर पोलीस-पहारेकऱ्यांबरोबर आली, हेच पटण्यासारखे. आपल्या जवानांच्या हातीही तेव्हा मुख्यतः .३०३च होती.

कड्यावरचे साल त्या कड्याचे, पूर्ण बंदुकीचे नव्हे. नळी झिजली की बदलायची, आणि नव्या नळीवर तिची स्वतःची तारीख असते. ‘एफ टी आर’ आणि पुढे साल असेल तर कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झाली आहे. म्हणून जुळणाऱ्या नंबरांवरही भुलू नका. दुरुस्तीत दुसरा बोल्ट बसवून चेंबरशी तपासला की जुना आकडा घासून किंवा काट मारून रिसीव्हरचा नंबर त्यावर ठोकतात. बोल्टच्या मुठीमागे आकड्यांखाली खोलगट घासलेली जागा किंवा वेगळ्या वळणाचे आकडे दिसले, तर ‘जुळणी’ कारागिराची आहे. त्या रायफलीला ती शोभतेच, फक्त तिला ‘पहिल्यापासूनची’ म्हणू नये.

शिक्के काळ्या रंगाखाली दडलेले असतात. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावलात तर उथळ शिक्का कायमचा गेला. मऊ फडके थोड्या तेलात बुडवून पुसा, खडूची पूड चोळा, टॉर्च बाजूने तिरपा धरून फोटो घ्या. हे परवानाधारकानेच आणि रायफल रिकामी असल्याची खात्री करून करावे. बेवारस सापडलेली हाताळू नये, पोलिसांना कळवावे.

‘डी पी’ म्हणजे ड्रिल पर्पज, कवायतीची रायफल. भारतात लाकडावर पांढरे पट्टेही ओढत. काहींच्या चेंबरला भोक पाडलेले असते, काहींना नसते. त्या फक्त झिजल्या म्हणून बाद झालेल्या, आणि धोका याच दुसऱ्या प्रकारात, कारण दिसायला त्या धडधाकट असतात.

तार शिकाऱ्याची नाही. नळीच्या तोंडावर कप बसवून ग्रेनेड फेकताना बसणाऱ्या झटक्याने पुढचे लाकूड फुटे, म्हणून ते तारेने आवळून डाख लावत. अशा रायफलींवर बऱ्याचदा ‘ई वाय’ ही अक्षरे सापडतात.

आता गुळगुळीत नळी. इशापूरने पोलीस-पहाऱ्यासाठी .३०३च्या रायफली .४१० बोअरच्या, म्हणजे छऱ्याच्या काडतुसाच्या गुळगुळीत नळीच्या केल्या, मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा बसवून एकेक काडतुसाच्या. १९५९च्या शस्त्र कायद्यात गुळगुळीत नळीला अशी सूट नाही. कलम ४५ची सवलत जुन्या किंवा मोडक्या हत्याराला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगे नसेल तरच. बोल्टसह असलेली ही रायफल त्यात कशी बसणार? सत्तरी-सांग्यातल्या शेतराखणीच्या एकनळ्या-दुनळ्याही आतून गुळगुळीतच असतात. त्यांना परवाना लागतो आणि निवडणूक आली की त्या ठाण्यात जमा करण्याचे आदेशही निघतात.