हीट पंपाला ताडपत्री गुंडाळू नका

हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता वापरून अंघोळीचे पाणी तापवणारे यंत्र. ‘थंडीत हीट पंपाचे बिल निम्मे करा’ असा एक संदेश सध्या नाशिकमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. बाहेरचे युनिट ताडपत्रीने झाका, तापमान ७० अंशांवर ठेवा, पाणी पहाटेच तापवा, आणि एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळते ही कंपन्यांची थाप आहे, असे त्यात म्हटले आहे. गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, यातल्या पहिल्या दोन सूचना लगेच अमलात आणल्या, म्हणून हे लिहावे लागत आहे.

रविवारी मी त्यांच्या गच्चीवर गेले तेव्हा युनिट पंख्याच्या जाळीसकट ताडपत्रीत गुंडाळून सुतळीने बांधलेले होते. आत हात घातला तर फ्रीज उघडल्यासारखा गारवा लागला, मागच्या पातळ पत्र्यांवर पांढरे हिव साचले होते आणि डिस्प्लेवर आतली विजेची कॉइल सुरू असल्याची खूण दिसत होती. हे यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देते आणि गार झालेली हवा बाहेर फेकते. ती हवा कोंडली की तीच गार हवा पुन्हा आत ओढली जाते, यंत्र जास्त वीज खाते, आणि पाणी तापेना झाले की कॉइल चालू होऊन साध्या गिझरचे बिल येऊ लागते. युनिट बंदिस्त बाल्कनीत बसवले तरी हेच होते. झाकायचेच असेल तर टाकीपासून बाथरूमपर्यंतच्या गरम पाण्याच्या पाइपला इन्सुलेशन चढवावे, कारण तिथली उष्णता खरोखर वाया जाते.

थंडीत यंत्राची कार्यक्षमता घटते, एवढे मात्र मान्य करावे लागेल. पण निफाडच्या थंडीचे कितीही कौतुक असले तरी आपण नॉर्वेत राहत नाही, आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२च्या अहवालानुसार तिथल्या सुमारे ६० टक्के इमारतींत हीट पंप आहेत. ते मुख्यतः घर उबदार ठेवण्यासाठी असले तरी तत्त्व एकच आहे.

थापेचा आरोप तर साध्या हिशेबानेच निकालात निघतो. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला सुमारे साडेतीन युनिट उष्णता लागते. गिझर ती सगळी विजेतून काढतो, तर हीट पंप त्यातली दोन-अडीच युनिट हवेतून घेतो आणि वीज फक्त ती वाहून आणायला वापरतो.

राहिले ७० अंश. बहुतेक घरगुती युनिटांत कॉम्प्रेसर ५५-६० अंशांपर्यंतच पाणी तापवतो आणि पुढचे काम कॉइलवर पडते. शिवाय घरात वयस्कर माणसे असताना एवढे कढत पाणी नळाला येणे धोक्याचे आहे. रोज ५० अंश पुरतात. मात्र कोमट साठ्यात लीजिओनेला हे जिवाणू वाढू नयेत म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ६० अंशांपर्यंत तापवावे.

पहाटे तर हवा सर्वांत थंड असते, म्हणजे यंत्राला सर्वांत जास्त कष्ट पडतात. अण्णांच्या यंत्राचा टायमर आता दुपारी १ ते ४ असा लावला आहे, आणि चांगल्या टाकीतले ते पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला अंघोळीपुरते गरम असते.