‘व्हीएफएक्सवाले आळशी झालेत’ : एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरवड्यात व्हीएफएक्सवाल्यांवरचा, म्हणजे चित्रीकरणानंतर कॉम्प्युटरवर सिनेमातली दृश्यं घडवणाऱ्यांवरचा, एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. मजकूर थोडक्यात असा: ‘२००८ चा आयर्न मॅन बघा, आजही खरा वाटतो. आताचे सुपरहिरो सिनेमे व्हिडिओ गेमसारखे दिसतात, कारण व्हीएफएक्सवाले आळशी झालेत. काम सगळं कॉम्प्युटर करतो. हे एसीत बसून लाखांनी पगार घेतात, हजारो कोटींच्या सिनेमावर नाव लागतं आणि तरी रडगाणं चालूच. एवढा त्रास होतो तर सोडा ना. तसंही आता एआय आलंय.’

तेरा वर्षं मी मुंबईत हेच काम करतोय. रोटोपासून (माणूस मागच्या दृश्यातून सुटा करणं) सुरुवात केली, मग पेंट (नको ते पुसणं) केलं, आता कम्पोझिटिंग (सगळे तुकडे एका चित्रात जुळवणं) करतो. शाळेच्या ग्रुपवर तो मेसेज टाकणारा माझा जुना मित्र आहे, घरी जेवायला येणारा. त्याच्याशी ग्रुपवर वाद घालावासा वाटला नाही आणि गप्पही बसवेना. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

‘काम कॉम्प्युटर करतो.’

सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० फ्रेम. समजा नायिका केस मोकळे सोडून धावत येतेय आणि मागे शहर जळतंय. शूटिंगच्या दिवशी शहर नव्हतंच. मागे निळा पडदा होता, तोही तिच्या खांद्यापर्यंत. त्यावर स्टुडिओचे दिवे, दोऱ्या, एका कोपऱ्यात माइक धरलेला माणूस. आता तिला त्या सगळ्यातून सुटी करायची. यालाच रोटो म्हणतात. तिच्या कडेकडेने बिंदू टाकत आकार काढायचा. अख्ख्या शरीराला एकच आकार काढून चालत नाही, कारण डोकं, मान, दंड, मनगट आणि एकेक बोट आपापल्या चालीने हलतं. प्रत्येकाचा आकार वेगळा काढायचा आणि हालचालीबरोबर फ्रेमफ्रेमने पुढे न्यायचा. हात वेगाने फिरला की त्याची कडा धूसर होते. त्या धूसरपणात हात नेमका कुठे संपतो हे डोळ्यांनीच ठरवावं लागतं. एक बिंदू दोन पिक्सेल घसरला तर थांबलेल्या चित्रात काहीच कळत नाही, पण शॉट चालू केला की कडा थरथरायला लागते आणि सुपरवायझर म्हणतो, ‘जिटर आहे, परत कर.’ केसांच्या बटा तर एकेक करून काढाव्या लागतात. कधी त्या पाच सेकंदांना चार दिवस लागतात, आणि हा साखळीतला फक्त पहिला टप्पा. नंतर दोऱ्या आणि माइकवाला पुसायचा, कॅमेऱ्याची चाल पकडायची, आग पेटवायची, तिच्या गालावर त्या आगीचा उजेड बसवायचा. शेवटी सगळं एकत्र जुळवायचं, ते माझं काम. यातल्या प्रत्येक टप्प्यावर एक माणूस बसलेला असतो. कॉम्प्युटर त्याच्या हातातलं हत्यार आहे, सुताराच्या रंध्यासारखं.

एसीचं म्हणाल तर ती थंडी मशिनींसाठी असते. रंग नीट दिसावेत म्हणून खोलीतही अंधार ठेवतात. पावसाळ्यात बाहेर पाऊस लागलाय हे मला कितीदा घरून आलेल्या फोनवर कळलंय.

‘२००८ ला जमलं, आता जमत नाही, म्हणजे आळशी.’

आयर्न मॅन छान दिसतो, यात वाद नाही. पण तो कसा झाला ते बघा. स्टॅन विन्स्टन यांच्या स्टुडिओने चिलखत खरोखर बनवलं होतं. सेटवर त्या चिलखतावर उजेड कसा पडतो ते कॅमेऱ्याने टिपलं होतं. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या व्हीएफएक्स कंपनीच्या लोकांना डिजिटल चिलखत करताना समोर खरा नमुना होता आणि काय करायचंय ते ठरलेलं होतं.

आता २०१९ चा ॲव्हेंजर्स : एंडगेम घ्या. त्यातले सगळे नायक भूतकाळात जाताना पांढरे सूट घालून चालत येतात. ते सूट कोणीच शिवले नाहीत. शूटिंगच्या वेळी त्यांचं डिझाइनच पक्कं झालं नव्हतं, म्हणून ते सगळे नंतर कॉम्प्युटरवर चढवले. चेहरा खरा आणि मानेखालचं सगळं आमच्यासारख्या लोकांनी केलेलं. ते उत्तम जमलं, म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही. सूट शिवून घ्यायचा निर्णय वेळेत झाला नाही, त्याची भरपाई मॉनिटरसमोर बसलेल्यांनी केली. या सिनेमात व्हीएफएक्सचे सुमारे अडीच हजार शॉट होते.

जिथे वेळ पुरत नाही तिथे ते दिसतं. २०१७ चा जस्टिस लीग आठवा. सुपरमॅन झालेला हेन्री कॅविल पुन्हा चित्रीकरणाला आला तेव्हा दुसऱ्या सिनेमासाठी त्याने मिशी वाढवली होती आणि त्या सिनेमाच्या कंपनीने ती काढू दिली नाही. मग मिशीसकट सुपरमॅन शूट केला आणि मिशी नंतर पुसली. ओठाच्या वरचा भाग म्हणजे माणसाच्या चेहऱ्यातली सगळ्यात हलती जागा. बोलताना, हसताना तिथलं कातडं कसं ताणतं हे आपण जन्मल्यापासून बघत आलोय, त्यामुळे जराही चुकलं की लहान पोरालाही खटकतं. चित्रीकरण त्या वर्षी उन्हाळ्यात झालं आणि सिनेमा नोव्हेंबरमध्ये लागला. जगभर हसू झालं ते त्या ओठाचं. वस्तरा कोणी अडवला, तारीख कोणी ठरवली, हे कोणी विचारलं नाही.

आणि कामाचा ढीगही बघा. २००८ ते २०१२ या काळात मार्वलचे, म्हणजे आयर्न मॅन आणि ॲव्हेंजर्स काढणाऱ्या स्टुडिओचे, सहा सिनेमे आले. २०२१ आणि २०२२ या दोनच वर्षांत सात सिनेमे आणि आठ मालिका आल्या. मार्वलची मालक असलेल्या डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीच जुलै २०२३ मध्ये मान्य केलं की मालिकांच्या या भडिमारामुळे लक्ष विभागलं गेलं. मालक स्वतः हे कबूल करतोय, आणि आपण मात्र आर्टिस्टला आळशी म्हणतोय.

‘हजारो कोटींचा सिनेमा, म्हणजे यांचीही चांदी.’

एंडगेमने जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर कमावले. त्यातलं काम करणाऱ्या व्हीएफएक्स कंपन्यांना कमाईत वाटा नसतो. हॉलीवूडचा स्टुडिओ चारपाच कंपन्यांकडून बोली मागवतो आणि काम ठरलेल्या रकमेत द्यायचं असतं. घराच्या रंगकामाचा ठेका घेतला समजा. पिवळा लावून झाला, मालक म्हणाला हिरवा करा. हिरवा झाला, मालक म्हणाला ही भिंतच पाडतोय, आता तिकडची रंगवा. जादा पैसे मागायची सोय कागदावर असते. पण गिऱ्हाइकं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यात मार्वल एकटाच एवढं काम देणारा. त्याला नाराज केलं तर पुढचा सिनेमा शेजारच्या कंपनीला जातो. म्हणून बोली कमी लावायची, बदल गिळायचे, आणि तूट भरून काढायची ती माणसांच्या रात्रींतून.

मेसेजवाल्यांना २००८ इतकंच प्रिय असेल तर त्याच वर्षाचं पुढे काय झालं तेही सांगतो. आयर्न मॅनच्या शिरस्त्राणाच्या आत त्याला दिसणारे आकडे आणि आलेख द ऑर्फनेज नावाच्या कंपनीने केले होते. ती २००९ च्या सुरुवातीला बंद पडली. २००८ मध्येच आलेल्या द इन्क्रेडिबल हल्कचं मुख्य काम ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीने केलं होतं. तिने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात लाइफ ऑफ पायच्या इफेक्ट्ससाठी तिच्या लोकांना ऑस्कर मिळालं. सभागृहाबाहेर सुमारे पाचशे आर्टिस्ट निदर्शनं करत होते. आत सुपरवायझर बिल वेस्टेनहोफर कंपनीच्या हालांबद्दल बोलायला लागले, तर संगीत मोठं करून त्यांना थांबवण्यात आलं. या कंपनीचे स्टुडिओ मुंबईत आणि हैदराबादलाही होते. त्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी प्रोफाइलवरचा फोटो काढून नुसता हिरवा चौकोन लावला होता, शूटिंगला मागे लावतात त्या हिरव्या पडद्याचा. आमचं काम काढून टाकलं तर पडद्यावर तेवढंच उरतं.

माझ्या वाट्याचं एक सांगतो. एका सुपरहिरो सिनेमात (करारात मनाई आहे, नाव घेत नाही) एका शॉटमधली नायकाची खरी शाल पुसून मागचं रिकामं दृश्य तयार करायचं होतं, म्हणजे वरून डिजिटल शाल लावता येईल. बोलीत चार दिवस धरले होते. त्यांची शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे आमची शनिवारची सकाळ. ते नोट्स लिहून घरी जातात आणि सोमवारी ऑफिसला आल्यावर त्यांना नवी आवृत्ती हवी असते. शाल आधी लहान झाली, मग परत मोठी, मग खरीच ठेवा म्हणाले, मग पुन्हा काढा. चार दिवसांचे अकरा दिवस झाले, त्यात दोन रविवार. शेवटी ते पात्रच त्या शॉटमधून गेलं. मधल्या एका रविवारी माझ्या मुलीचं बारसं होतं. मी अडीच वाजता पोचलो. नाव ठेवून झालं होतं, पंगत उठली होती.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दराने मोबदला लिहिलाय. माझ्या ओळखीत एकालाही तो मिळालेला नाही. आम्हाला बदली सुट्टी मिळते, आणि ती घ्यायची वेळ आली की पुढची डिलिव्हरी आलेली असते.

‘नाव लागतं.’

सगळ्यांचं लागत नाही. प्रत्येक कंपनीला श्रेयनामावलीत ठरावीक जागा मिळतात. रोटो आणि पेंटवाले शेवटी धरले जातात आणि जागा संपली की गळतात. माझी आई अशा दोन सिनेमांत पार शेवटपर्यंत थिएटरात बसून राहिली होती.

‘त्रास होतो तर सोडा.’

सोडतात. माझ्याबरोबर लागलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जण आता या धंद्यात नाहीत. नवीन पोरापोरींना मात्र सोडणं सोपं नसतं. लाखांत फी भरून कोर्स केलेला असतो, घरी कर्ज असतं, आणि काही ठिकाणी लागतानाच बाँड लिहून घेतात. कंपनी बदलली तरी गिऱ्हाईक तेच, तारीख तीच. हा त्रास आपल्याकडेच आहे असंही नाही. जुलै २०२२ मध्ये एका आर्टिस्टने नाव लपवून एका अमेरिकी संकेतस्थळावरच्या लेखात सांगितलं होतं की मार्वलच्या एका सिनेमावर सहा महिने रोज जादा काम करावं लागलं, आठवड्याचे सातही दिवस, आणि बरा आठवडा असला तर चौसष्ट तास. शेजारी बसलेले लोक रडायचे, असंही त्यात होतं. तो लेख आमच्या स्टुडिओत सगळ्यांनी वाचला. कोणालाच त्यात नवं काही दिसलं नाही.

तिकडच्यांनी नुसतं सोडलं नाही, हे मात्र खरं. ऑगस्ट २०२३ मध्ये मार्वलच्या थेट नोकरीतल्या पन्नासहून अधिक व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयएटीएसई या सिनेमा-नाटकातल्या कामगारांच्या संघटनेत जाण्यासाठी अर्ज केला आणि सप्टेंबरात मतदान झालं. एकही मत विरोधात पडलं नाही. सेटवरच्या दिवेवाल्यांना, रंगभूषेवाल्यांना कित्येक दशकांपासून जे संरक्षण होतं, ते मागायला आमच्या धंद्याला एवढा काळ लागला. आणि ते लोकही थेट मार्वलच्या पगारावरचे. ठेक्याने काम करणाऱ्या कंपन्यांतले त्यात नाहीत. आपल्याकडे मुंबईत सिनेमाच्या जवळजवळ प्रत्येक कारागिराची युनियन आहे, फक्त आमच्या टेबलांवर बसणाऱ्या बहुतेकांची नाही. मला ती हवी आहे. नाव छापून सांगायला अजून भीती वाटते, पण हवी आहे.

काहींना तर सोडायची संधीही मिळत नाही. एमपीसी आणि द मिल या कंपन्यांची मालक टेक्निकलर फेब्रुवारी २०२५ मध्ये कोसळली. बंगळूर आणि मुंबई मिळून तीन हजारांहून जास्त लोक रस्त्यावर आले, पगार थकलेले. त्या आठवड्यात माझ्या फोनवर रोज दहाबारा बायोडेटा येत होते. त्यात ज्याच्याकडून मी पेंट शिकलो त्याचाही होता.

‘आता एआय आलंय.’

आलंय, आणि आम्ही वापरतोही. साध्या शॉटमधला माणूस ते बऱ्यापैकी वेगळा करून देतं, हे नाकारत नाही. पण ते आल्यावर आधी बोलीतले दिवस कापले गेले, काम हलकं झालं की नाही हे बघायच्याही आधी. अलीकडे एक शॉट आला, पूर्वी ज्याला दोन दिवस धरले असते. ‘मास्क (माणूस सुटा करणारा आकार) एआयने होईल’ म्हणून अर्धाच दिवस धरला. मास्क झाला, पण शॉट चालू केला की दर तिसऱ्या-चौथ्या फ्रेमला केस गायब व्हायचे आणि परत यायचे. आमच्या टीममधली सांगलीची मुलगी, लागून आठ महिने झालेली, रात्री पावणेदोनपर्यंत बसली आणि सगळे केस तिने हाताने काढले. कॅब विरारला जात नाही म्हणून पहिल्या लोकलपर्यंत ऑफिसातच थांबली. शॉट पास झाला. टाइमशीटवर त्याच्यापुढे तिला अर्धा दिवसच भरायला सांगितलं.