शुगर होती म्हणे!

पेठेत कुणी तापानं गेलं की तिरडी बांधून व्हायच्या आत कट्ट्यावर एक वाक्य पोचतं. "शुगर होती म्हणे." ते ऐकलं की आजूबाजूचे चेहरे जरा सैल पडतात. माणूस तापानं गेला नाही, त्याच्या शुगरनं गेला, म्हणजे आपल्याला घोर नाही!

या खेपेला मास्तर भडकले. गणिताचे मास्तर, निवृत्त झाले तरी खडू सुटलेला नाही.

"शुगर किती वर्षं होती?"

"असंल की धा-बारा वर्षं," रिक्षावाले मामा म्हणाले.

"धा-बारा वर्षं शुगर घेऊन माणूस हिंडत होता, आणि ताप आल्यावर आठवड्यात गेला. मग कशानं गेला?"

"पण शुगर नसती तर वाचला असता का न्हाई, ते सांगा की वो!"

"बहुतेक वाचला असता."

"मग शुगरनंच गेला की!"

इथून जे पेटलं ते दोन चहा होईतोवर विझलं नाही.

लॅबमध्ये काम करणारा पोरगा कोपऱ्यात मोबाईल चाळत होता. त्यानं सांगितलं, मृत्यूचं कारण लिहायच्या फॉर्ममध्ये दोन भाग असतात. पहिल्यात ज्या आजारानं पुढचं सगळं सुरू झालं तो, दुसऱ्यात ज्यानं हातभार लावला ते. 2020 मध्ये आयसीएमआरनं, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेनं, डॉक्टरांना सांगितलं होतं, की कोरोना पहिल्या भागात लिहा. शुगर, दमा, हृदयविकार दुसऱ्या भागात. मामांचं म्हणणं, कागदावर काय बी लिहितील. मला विचाराल तर कागद बरोबर आहे. शुगरनं दार उघडं ठेवलं, पण आत शिरला तो विषाणू.

मग पोरानं आकडे काढले. चीनमध्ये 2020 च्या सुरुवातीला सुमारे 44,700 रुग्णांचा हिशोब झाला. आधी काहीच आजार नसलेल्यांत 0.9 टक्के दगावले, शुगरवाल्यांत 7.3 आणि हृदयविकारवाल्यांत 10.5. मामांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना स्वतःला शुगर आहे.

"थांब," मास्तर म्हणाले. "शुगर कुणाला जास्त असते? वयस्कांना. 80 च्या वरचे किती गेले त्यात?"

"14.8 टक्के."

"मग! वयाचा बोजा तू शुगरच्या डोक्यावर टाकलास. वय बाजूला काढून सांग."

पोरगं हुशार, तेही शोधलं. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी 1 कोटी 70 लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वय, वजन, बाकीचे आजार असं सगळं हिशोबात धरल्यावर, शुगर ताब्यात असलेल्यांना कोरोनानं मरण्याचा धोका शुगर नसलेल्यांच्या साधारण 1.3 पट निघाला. ताब्यात नसलेल्यांचा जवळपास दुप्पट. आणि ताब्यात नसलेली म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, एचबीए1सी, साडेसात टक्के किंवा त्याच्या वर.

माझ्या मते सगळ्या चर्चेतली ही खरी गोष्ट. 'शुगर आहे का' या प्रश्नापेक्षा 'किती आहे' हा प्रश्न मोठा. पण मयताला गेल्यावर हा दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही.

"आणि बीपी?" पैलवानांनी विचारलं. खासबागेत कुस्त्या गाजवलेला गडी, आता बीपीची गोळी आठवण आली तर घेतो. त्या इंग्लंडच्या हिशोबात बाकीचं सगळं वजा केल्यावर नुसत्या बीपीनं धोका वाढलेला दिसला नाही. पैलवानांनी मांडीवर थाप मारली. "बघा! मी काय म्हणत होतो!"

"पुढं ऐका की," पोरगं म्हणालं. "किडनी पार खराब झालेल्यांचा धोका अडीच पट. किडनी खराब कशानं होते? शुगर आणि बीपी, ही दोन मोठी कारणं."

पैलवान गप्प. पण त्यांचा दुसरा डाव तयार होता: ताप आला की ते बीपीची गोळी बंद करतात, कारण कोरोनात तसा मेसेज फिरला होता. मेसेज फिरला होता हे खरं, पण हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी तेव्हाच सांगितलं होतं, गोळ्या मनानं बंद करू नका. पुढं ब्राझीलमध्ये रुग्णांचे दोन गट करून पाहिलं. गोळ्या थांबवल्याचा काही फायदा दिसला नाही. उलट्या-जुलाब होत असतील तर काही गोळ्या थोडे दिवस थांबवतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

मामांना आता खरंच जाणून घ्यायचं होतं. शुगर जास्त असली की होतं तरी काय? पोरानं समजेल असं सांगितलं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. रक्तवाहिन्यांचं अस्तर आधीच दुखावलेलं असतं, तिथं गुठळ्या लवकर होतात. शिवाय ताप आला की शरीर जी संप्रेरकं सोडतं त्यानं शुगर आणखी चढते, म्हणजे आजार शुगर वाढवतो आणि शुगर आजार. फुप्फुसाचा जुना आजार असेल, बिड्यांनी, चुलीच्या धुरानं किंवा आणखी कशानं, तर मुळात हवा कमी. त्यात न्यूमोनिया झाला की शिल्लक काही उरत नाही.

"म्हणजे एक कुस्ती खेळून दमलेला गडी लगेच दुसऱ्या कुस्तीला उभा केला," पैलवान म्हणाले. यावर कुणी वाद घातला नाही.

हृदयाचं मात्र कुणाच्या ध्यानात नसतं. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये 2018 साली एक अभ्यास छापून आला. तपासणीत फ्लू निघाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहा पट. माणूस 'अटॅकनं गेला' म्हणतो आपण, आणि आठवडाभर अंगात फ्लूचा ताप होता हे राहून जातं.

"मला तर काय बी न्हाई," मेडिकलवाला म्हणाला. शेवटची तपासणी कधी केली? आठवत नाही. 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाचा अंदाज आहे, देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह, आणि 13.6 कोटी उंबरठ्यावर. 'काही नाही' म्हणणाऱ्यांतले बरेच फक्त न तपासलेले असतात. त्यात आपल्याकडं चहात साखरेऐवजी गूळ घातला की शुगरला चालतो, असा पक्का समज. गूळ कोल्हापूरचा असला तरी रक्तात जाऊन साखरच होतो, हे कट्ट्यावर बोलणं म्हणजे गावाशी वैर.

फ्लूच्या लशीवर फार वाद झाला नाही. शुगर, दमा, हृदय, किडनीवाल्यांनी दर वर्षी घ्यावी, विषाणू बदलतो म्हणून लसही बदलते, इतकं झालं. मामा म्हणाले, बघू.

भांडण लागलं ते शेवटी. पोरानं विचारलं, तापाच्या गोळ्यांच्या पुडीत स्टेरॉइड कोण घालतं? मेडिकलवाला उसळला, "स्टेरॉइडनं लोक वाचले की कोरोनात!"

वाचले. व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं साधारण एक तृतीयांशानं कमी झाले. पण ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा फायदा दिसला नाही, आणि शुगर तर त्यानं हमखास चढते. 2021 मध्ये काळ्या बुरशीनं डोळे आणि जबडे गेले, त्यातल्या बहुतेकांना शुगर होती, आणि कितीतरी जणांनी स्टेरॉइड घेतलेलं होतं.

"मी चिठ्ठीशिवाय देत न्हाई," मेडिकलवाला म्हणाला.

मामा त्याच्याकडं बघतच राहिले. "मर्दा, गेल्या पावसाळ्यात मला चार पुड्या बांधून दिल्यास, त्येची चिठ्ठी कुठली?"