नव्या आवृत्तीत जुने नियम : एका दाव्याचा प्रतिवाद

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या, काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन फाशांनी खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळणाऱ्यांमध्ये एक दावा वारंवार पुढे केला जातो. प्रत्येक नवी आवृत्ती आधीच्या चुका दुरुस्त करूनच निघते, त्यामुळे या आवृत्तीचे २०१४ किंवा २०२४ चे नियम हाताशी असताना त्यांत जुन्या आवृत्त्यांचे नियम मिसळणे हे निव्वळ स्मरणरंजन आहे. त्याने खेळाचा समतोल ढळतो, नवखे खेळाडू गोंधळतात आणि शेवटी जे उरते त्याला डी अँड डी म्हणता येत नाही, असा त्याचा आशय आहे. यातील प्रत्येक मुद्द्यात थोडे तथ्य आहे, पण सर्वांत सारखे नाही.

नवे ते दुरुस्त केलेले, हा पहिला मुद्दा काही नियमांना नक्कीच लागू पडतो. दुसऱ्या आवृत्तीत थॅको (आर्मर क्लास ० असलेल्याला वार लागण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर हवा असलेला आकडा) १७ असलेल्या पात्राला आर्मर क्लास (वारापासूनचे संरक्षण, तेव्हा आकडा जितका लहान तितके ते जास्त) ४ असलेल्या शत्रूवर वार करताना वजाबाकी करून १३ हा आकडा काढावा लागे. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने आर्मर क्लास चढता केला आणि तोच वार ‘अधिक ३ विरुद्ध १६’, म्हणजे फाशावरील आकड्यात ३ मिळवून १६ गाठायचे, असा झाला. फाशावर पूर्वीही १३ लागत होते, आताही १३च लागतात. शक्यता तीच राहिली, डोकेफोड तेवढी गेली. थॅको जपल्याने खेळाडूच्या हाती एकही नवा निर्णय येत नाही, म्हणून त्याची वकिली मी करणार नाही. मानवेतर पात्रांना ठरावीक लेव्हलपुढे (बढतीच्या पायरीपुढे) जाऊ न देणाऱ्या मर्यादांचेही तेच.

परंतु गेलेला प्रत्येक नियम चुकीचा होता म्हणून गेला, असे मात्र नाही. १९८१ च्या बेसिक संचात भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या संपत्तीच्या प्रत्येक सुवर्णनाण्यामागे एक एक्सपी (लेव्हल वाढवणारा अनुभवगुण) मिळे, तर गॉब्लिन हा किरकोळ राक्षस मारल्याचे अवघे ५ एक्सपी, तेही सर्वांत वाटून. फायटरला, म्हणजे लढवय्या पात्राला, दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० एक्सपी लागत. म्हणजे एकट्याच्या वाट्याचा हिशेब केला, तर केवळ लढून वर जायला ४०० गॉब्लिन मारावे लागले असते. २०१४ च्या नियमांत गॉब्लिनचे ५० आणि दुसऱ्या लेव्हलला ३०० एक्सपी असल्याने तेच काम सहा गॉब्लिनांत होते. या आकड्यांचा खेळाडूंच्या वागण्यावर थेट परिणाम होतो. जुन्या हिशेबात लढाई हा तोट्याचा व्यवहार असल्याने खेळाडू आडवाट शोधत, लाच देत, पहारेकऱ्याला चकवत, आणि जमले नाही तर पळून जात. दुसऱ्या आवृत्तीत हा नियम ऐच्छिक झाला, कारण खेळाचा रोख लुटीच्या मोहिमांकडून वीरकथांकडे वळला होता. ज्या गटाला लुटीच्या मोहिमाच खेळायच्या आहेत, त्याने वीरकथांसाठी बेतलेला नियम का पाळावा, याचे उत्तर या दाव्यात कोठेही मिळत नाही.

मोराल (राक्षसांचा धीर) तपासणीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. बेसिक संचात प्रत्येक राक्षसाला २ ते १२ दरम्यानचा मोरालचा आकडा असे. त्यांच्या बाजूचा पहिला मेला की आणि निम्मे गारद झाले की डंजन मास्टर (खेळ चालवणारा आणि राक्षसांच्या चाली करणारा) सहा बाजूंचे दोन फासे टाकी. बेरीज त्या आकड्याहून जास्त आली, तर ते माघार घेत किंवा शरण येत. गॉब्लिनचा आकडा ७, म्हणजे ३६ पैकी १५ वेळा त्यांचा धीर सुटणार. सांगाड्याचा १२, म्हणजे तो कधीच हटणार नाही. तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकांत ही यंत्रणा नव्हती. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये ती ऐच्छिक नियम म्हणून परतली, पण विस्डम या गुणाच्या सेव्हिंग थ्रोच्या (संकट टाळण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर टाकायच्या, त्या गुणानुसार बदलणाऱ्या दानाच्या) रूपात, आणि सर्वांना लक्ष्य एकच, १०. त्या आवृत्तीत गॉब्लिन आणि सांगाडा या दोघांचाही विस्डम ८ आहे. साहजिकच आकड्यांपुरते पाहिले, तर भेदरट गॉब्लिन आणि निर्विकार सांगाडा पळण्याची शक्यता अगदी सारखी निघते. येथे जुना नियम नव्या नियमापेक्षा सरळ सरळ चांगला आहे.

समतोल ढळतो, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण जुने नियम सुटे उचलून आणले, तर ते खरेच घोटाळा करतात. सोन्याला एक्सपी देण्याचा नियम पाचव्या आवृत्तीच्या तक्त्यावर जसाच्या तसा बसवला, तर एका बऱ्यापैकी पेटाऱ्यात अख्खा गट दोन लेव्हल वर जाईल. त्यासाठी जुना तक्ता घ्यावा लागतो किंवा नाण्यांचे प्रमाण बदलावे लागते. भुयारात किती मशाली उरल्या याचा हिशेब हवा असेल, तर लाइट या उजेड पाडणाऱ्या मंत्राकडे आधी पाहावे लागते. पूर्वी तो पहिल्या पातळीचा, मोजून वापरायचा मंत्र होता, आता तो कितीही वेळा टाकता येणारा कँट्रिप आहे, आणि तो तसाच ठेवून मशाली मोजणे म्हणजे उगाच कारकुनी. पण यातून निघणारा निष्कर्ष एवढाच, की नियम ज्यावर टेकलेला होता तेही पाहून मग तो आणावा. तो आणूच नये, असे यातून सिद्ध होत नाही. मोराल तपासणी तर हल्ला, बचाव किंवा नुकसान यांपैकी एकाही आकड्याला हात लावत नाही. लढाई लवकर संपते, इतकेच.

नवखे गोंधळतात, या आक्षेपावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. १९८१ ची बेसिक नियमपुस्तिका ६४ पानांची होती, २०१४ चे प्लेअर्स हँडबुक ३२० पानांचे आहे. शिवाय मोरालचे फासे डंजन मास्टर टाकतो, खेळाडूला त्यात शिकण्यासारखे काही नसते.

उरला तो अस्सलपणाचा मुद्दा. १९७४ च्या पहिल्या तीन पुस्तिकांतील शेवटची संपताना वाचकांना आपल्या मनाप्रमाणे ठरवून घेण्याचेच आवाहन करते. हेही खरे, की खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांनी पुढे अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीच्या काळात सर्वत्र एकसारखे नियम असावेत असा आग्रह धरला. स्पर्धांसाठी तो योग्यही होता. चार मित्र एका मोहिमेसाठी जमतात, तेव्हा त्या आग्रहाचे प्रयोजन उरत नाही. उदाहरणार्थ, २०१४ च्या नियमांत बेसावध गाठलेला शत्रू पहिल्या फेरीतील आपली पाळी गमावत असे, २०२४ मध्ये त्याला फक्त इनिशिएटिव्हवर (पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या दानावर) डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान आकडा धरणे) मिळतो. दबा धरून बसण्याची तयारी करण्यात ज्या गटाला अर्धा खेळ घालवायला आवडतो, त्याने २०२४ चे बाकी सारे घेऊन एवढा नियम २०१४ चाच ठेवावा. फक्त राक्षसही दबा धरू शकतात आणि तो त्यांच्याही बाजूने चालेल, हे पहिल्या सत्राआधीच सांगून टाकावे.