मराठवाड्याचं ऊन परदेशी धाडण्याआधी

गावोगावच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'मराठवाडा होणार भारताचं आखात! ऊन फुकट, पाणी नगण्य. हरित हायड्रोजन बनवा, परदेशात विका, शेतकऱ्याला घरबसल्या भाडं.' हरित हायड्रोजन म्हणजे सौर विजेसारख्या स्वच्छ विजेने पाण्यातून काढलेला, इंधन म्हणून चालणारा वायू. दुष्काळाने पिचलेल्या माणसाला हे खरं वाटावंसं वाटतं, म्हणूनच उत्तर द्यायला हवं.

'ऊन फुकट.' असेल, पण त्या उन्हाची वीज फुकट होत नाही. पाण्यातून किलोभर हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते आणि हाती येणाऱ्या वायूत जेमतेम ३३ युनिटांची ऊर्जा असते. वर्षाला एक लाख टनांचा प्रकल्प धरला, तर किमान ५०० कोटी युनिट, म्हणजे साधारण ३,००० मेगावॉटची सौर पॅनेल आणि बारा-पंधरा हजार एकर रान.

'पाणी नगण्य.' हे अर्धं खरं आहे. शुद्धीकरण आणि कूलिंग धरून किलोला २० ते ३० लिटर. लाख टनांना वर्षाकाठी एका टीएमसीचा (म्हणजे अब्ज घनफुटांचा) जेमतेम दहावा हिस्सा. जायकवाडी धरणाच्या ७७ टीएमसी उपयुक्त साठ्यापुढे, आपल्या उसापुढे तर काहीच नाही. पण आपल्याकडे पाणी सरासरीवर मोजून भागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला येणारी ५० वाघिणींची गाडी एका खेपेला २५ लाख लिटर आणायची. हा प्रकल्प रोज तशा दोन-तीन गाड्या पिईल. तशा वर्षी आधी कुणाला पाणी, हे करारात पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं लागेल. शहरांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणीच वापरायचं, ही अटही हवी.

'परदेशात विका.' आपल्याला बंदर नाही. हायड्रोजन उणे २५३ अंशांना द्रव होतो, म्हणून जहाजाने न्यायला त्याचा बहुधा अमोनिया करतात, त्यातही ऊर्जा जाते. केंद्राने हायड्रोजन हब म्हणून कांडला, पारादीप, तुतिकोरिन ही बंदरं निवडली, ती उगाच नाहीत. शिवाय खतासाठी अमोनिया आपला देश आजही आयात करतो. इथे बनलाच, तर तो आधी इथल्याच खत कारखान्यांना जावा.

'घरबसल्या भाडं.' त्यासाठी हायड्रोजनची वाट कशाला पाहायची? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलेलं आहे आणि ती वीज कृषिपंपांना दिवसा मिळावी म्हणून आहे. रात्री दारं धरायला जाणाऱ्याला त्याची किंमत विचारा. आणि भाडं मिळतं सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. त्याच रानात खुरपायला, वेचणीला जाणाऱ्या बायांच्या मजुरीचं काय, यावर मेसेजमध्ये एक ओळही नाही. ग्रामसभेत जमिनीचा ठराव येईल, तेव्हा हा प्रश्न पहिला विचारा.